जुन्या गाड्यांचे ब्रेक, रॉडचे की ऑईलचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९३७ ची मॉरिस एट आहे, ऑईल ब्रेकची. मित्राची १९३० ची फोर्ड मॉडेल ए बरीच वर्षं माझ्याच शेडमध्ये मुक्कामाला आहे, तिचे ब्रेक रॉडचे. दोन्ही गाड्यांखाली पाठीवर पडून जे कळलं आणि रॅलीत भेटणारे लोक जे हमखास विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

मेकॅनिकल आणि हायड्रॉलिक ब्रेकमध्ये नेमका फरक काय?

चाकाच्या आत दोन्हीकडे साधारण तेच असतं: चाकाबरोबर फिरणारा वाटीसारखा ड्रम, आत त्याला टेकणारे दोन शू, शूंवर लायनर म्हणजे घासणारं अस्तर. फरक आहे तो पायाचा जोर शूपर्यंत पोचवण्यात. आजोबांच्या काळ्या सायकलचे रॉडचे ब्रेक आठवा. मूठ दाबली की दांड्या ओढल्या जायच्या आणि रबर रिमवर बसायचं. मेकॅनिकल ब्रेकची गाडी म्हणजे त्याचीच मोठी आवृत्ती. पेडलपासून आडव्या शाफ्टपर्यंत, तिथून चारही चाकांपर्यंत रॉड किंवा केबल, आणि चाकाजवळ शू फाकवणारा कॅम किंवा पाचर.

हायड्रॉलिकमध्ये दांड्यांच्या जागी तेलाने भरलेली नळी. पेडल मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, तेल दबतं, आणि तो दाब चारही चाकांच्या व्हील सिलिंडरमध्ये सारखाच पोचतो. ‘सारखाच’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा.

ऑईल ब्रेकमध्ये जोर आपोआप वाढतो, हे खरं का?

फुकट काहीच वाढत नाही. पायाने ३० किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ पाचपट असली, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १५० किलो पडतात. व्हील सिलिंडरचा व्यास मास्टरइतकाच असेल, तर चार चाकांतले आठही पिस्टन प्रत्येकी १५० किलोने शू ढकलतात. ऐकायला जादू वाटते. पण मास्टरचा पिस्टन जितका सरकला, त्याच्या आठव्या भागाइतकाच प्रत्येक चाकातला पिस्टन सरकतो. जोर मिळाला, अंतर गेलं. रॉडच्या ब्रेकमध्येही तरफा लांब-आखूड करून हाच सौदा होतो.

खरा फायदा दोन गोष्टींचा. एक, वाटणी. तेल पक्षपात करत नाही. एका चाकाचा लायनर जास्त झिजला असला तरी तो शू ड्रमला टेकेपर्यंत तेल तिकडे जातं आणि मग सगळीकडे दाब एकदमच वाढतो. दोन, घर्षण. रॉडच्या गाडीत पिना, बुश (पिनेच्या भोकात बसणारी धातूची नळी), केबलची म्यानं यांत बराच जोर वाटेतच जिरतो, आणि त्यांना ग्रीस नसेल तर विचारूच नका.

माझ्या गाडीला कोणते ब्रेक असतील?

गाडीखाली वाकून बघा. चाकाच्या मागच्या पत्र्यात बारीक नळी शिरत असेल तर ऑईल, दांडी किंवा केबल शिरत असेल तर मेकॅनिकल. मागच्या चाकांना मात्र फसू नका. तिथली केबल फक्त हँडब्रेकची असू शकते. पुढचं चाक बघा.

सालांवरून अंदाज लावायचा तर चित्र विस्कळीत आहे. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली पहिली प्रवासी गाडी म्हणजे १९२१ ची ड्यूसेनबर्ग मॉडेल ए. त्याच वर्षी ल माँ इथे फ्रेंच ग्रां प्री जिंकलेल्या ड्यूसेनबर्गलाही असेच ब्रेक होते. ही पद्धत माल्कम लॉकहीड या अमेरिकन संशोधकाची. १९२४ मध्ये क्रायस्लरने ती सुधारून, गळक्या चामडी वॉशरऐवजी रबरी वॉशर घालून, सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणली. पुढे सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँ १९३४ मध्ये, शेवरोले १९३६ मध्ये. फोर्ड थेट १९३९ च्या मॉडेलला. जॅग्वार १९४८ च्या मार्क फाइव्हपर्यंत रॉडवरच होती. फोक्सवॅगन बीटलची गंमत तर अशी की १९५० पासून एक्सपोर्ट मॉडेलला ऑईल ब्रेक आणि साध्या, स्वस्त मॉडेलला १९६२ पर्यंत केबल.

आपल्याकडे फोर्डचं मुंबईतलं काम १९२६ ला सुरू झालं आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला घेतल्या. त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या अमेरिकन गाड्यांत दोन्ही प्रकार दिसतात. डुक्कर फियाट, ॲम्बॅसॅडर आणि नंतरच्या सगळ्या ऑईलच्या.

फोर्डने इतका उशीर का लावला? हट्टीपणा?

हट्ट होताच. पेडलपासून चाकापर्यंत पोलाद, अशी फोर्डची त्या काळची जाहिरातच होती. पण मला त्यांची भीती अगदीच खुळी वाटत नाही. तेव्हाच्या ऑईल ब्रेकला एकच सर्किट, म्हणजे चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असायची. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी गेले. रॉडच्या गाडीत एक रॉड तुटला तर बाकीची चाकं काही ना काही काम करतात. गाडी आडवी ओढेल, पण थांबेल. रोल्स-रॉइसनेही १९४६ ला पुढच्या चाकांना ऑईल दिलं तेव्हा मागची चाकं मेकॅनिकलच ठेवली होती. एका सर्किटवर सगळा भरवसा ठेवायला ते तयार नव्हते.

रॉडचे ब्रेक मुळातच कुचकामी असतात का?

नाही. ‘लागतच नाहीत’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांत दोष रॉडचा नव्हता, झिजलेल्या पिनांचा होता. पेडलपासून एका चाकापर्यंत जाताना सात-आठ सांधे लागतात. प्रत्येकात अर्धा मिलिमीटर खेळ धरला तरी तीन-चार मिलिमीटर नुसते पिना टेकवण्यात जातात, आणि तरफेमुळे पेडलवर ते कितीतरी पट होऊन दिसतात. मित्राच्या मॉडेल एच्या पिना काढून टेबलावर मांडल्या तेव्हा काहींची कंबर निम्मी झिजलेली होती, उसाचं कांडं एका बाजूने सोलल्यासारखी. नव्या पिना लेथवर करून घेतल्या, भोकांत बुश बसवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीची चारही चाकं खडीवर लॉक झाली. लायनरला हातही लावला नव्हता.

याला अपवाद आहेत. सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हनमध्ये पेडलने मागची चाकं आणि हँडब्रेकने पुढची, अशी फारकत होती. १९३० पासून दोन्ही जोडले गेले. फोर्ड मॉडेल टीत तर पायाचा ब्रेक चाकात नसून गिअरबॉक्समधल्या पट्ट्यावर असतो. अशा गाडीला कितीही सेट केलं तरी तिच्याकडून आजच्या ट्रॅफिकची अपेक्षा ठेवणं तिच्यावर अन्याय आहे.

आकड्यांत सांगा, थांबायला किती फरक पडतो?

ताशी ५० किमी वेगात चारही चाकं नीट धरणारी, चांगल्या टायरची गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १४ मीटरमध्ये थांबू शकते. फक्त मागच्या चाकांना ब्रेक असले किंवा पुढचे नावालाच असले, तर हेच अंतर २५ मीटरच्या पुढे जातं. यात तुमचा पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही. त्यात आणखी १४ मीटर निघून जातात. रॉड की ऑईल यापेक्षा पुढचे ब्रेक किती धरतात आणि टायर किती अरुंद, यावर हे अंतर जास्त ठरतं.

ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. का?

ज्या बाजूला ओढते त्या बाजूचं चाक जास्त धरतंय, किंवा दुसऱ्या बाजूचं धरतच नाहीये. रॉडच्या गाडीत आधी सेटिंग बघा. ऑईलच्या गाडीत सेटिंगचा संशय शेवटी; आधी ड्रम उघडून लायनरवर तेल किंवा ग्रीस आलंय का ते बघा. व्हील सिलिंडर गळत असेल तर लायनर काळा, चिकट दिसतो. असा भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावणारे मिस्त्री आहेत. दोन दिवस बरा वाटतो, मग गरम झाला की आतलं तेल वर येतं. बदलाच, आणि एकाच चाकाचा नको, जोडीने बदला.

रॉडचे ब्रेक सेट कसे करतात?

फोर्ड मॉडेल एचं सांगतो, कारण तिचं तत्त्व बाकी गाड्यांनाही लागू पडतं.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे लायनर झिजला की रॉड आखूड करणं. हातासरशी होतं म्हणून सगळे तेच करतात. पण रॉड आखूड केला की तरफेचा कोन बदलतो. पेडल दाबल्यावर तरफ आणि रॉड यांच्यात काटकोन यायला हवा, तेव्हा ओढ सगळ्यांत जास्त मिळते. आखूड रॉडमुळे तरफ आधीच पुढे कलते आणि ऐन जोराच्या वेळी ओढ कमी पडते. रॉडची लांबी एकदा बरोबर लावायची आणि विसरायची. झीज भरून काढायची ती चाकाच्या मागच्या पत्र्यावर असलेल्या चौकोनी डोक्याच्या ॲडजस्टरने. तो फिरवताना ‘टक्-टक्’ लागतं. ते टोले मोजा.

आता कृती. चारही चाकं जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावून तसाच आत शिरतो. ॲडजस्टर घट्ट करत न्या, चाक हाताने फिरेनासं झालं की थोडा मागे घ्या. चाक मोकळं फिरावं, अगदी बारीक खसखस ऐकू आली तर चालेल.

मग सीट आणि पेडलमध्ये बसेल अशी एक लाकडी पट्टी घ्या, तिला खाचा पाडा. पहिल्या खाचेत पेडल थोडं दबलेलं राहील, दुसऱ्या खाचेत आणखी थोडं. पहिल्या खाचेत मागची दोन चाकं हाताने फिरवताना नुकती अडायला लागली पाहिजेत आणि पुढची मोकळी हवीत. दुसऱ्या खाचेत मागची चांगली घट्ट, पुढची नुकती धरायला लागलेली. पुढची आधी धरली तर वळणावर स्टिअरिंग हातातून ओढलं जाईल. डाव्या-उजव्या चाकांना सारखा जोर लावून बघा. शक्यतो एकाच माणसाने सगळी चाकं फिरवावीत, कारण प्रत्येकाचा ‘घट्ट’ वेगळा असतो.

मॉडेल एमध्ये पुढचा ब्रेक किंगपिनच्या (पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या उभ्या पिनेच्या) पोटातून खाली जाणाऱ्या पिनेमार्फत लागतो. म्हणून स्टिअरिंग वळवलं तरी ब्रेक फारसा बदलत नाही. हे ज्याने योजलं त्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो. पण ती पिन गंजून अडकली तर वर कितीही सेटिंग करा, खाली काही पोचत नाही.

शेवटची गोष्ट, या गाडीचे मूळ ड्रम दाबलेल्या पत्र्याचे. ते गरम झाले की पसरतात. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर बिडाचे ड्रम घ्या, क्रोम नंतर.

ऑईलच्या गाडीचं पेडल लिबलिबीत लागतंय. एअर काढली, तरी तसंच.

नळ्यांत शिरलेली हवा परत काढा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळच्या चाकाकडे या. चाकाजवळच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, आणि बंद झाल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. पेडलवरचा माणूस मोबाइल बघणारा नको. जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर बरेचदा पायाखालच्या फळीखाली असतो, म्हणून मध्येच त्याचं तेल संपतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एअर परत आत, सगळं पहिल्यापासून.

पेडल लिबलिबीत नाही पण पाय ठेवून राहिलं की हळूहळू खाली बसतं, आणि कुठे गळतीही दिसत नाही? मग मास्टर सिलिंडरचा वॉशर गेला. तेल त्याच्या कडेने परत मागे जातंय.

ब्रेक लागतो पण सुटत नाही. गाडी जड चालते.

आधी निपल किंचित उघडा. तेल जोरात उडालं आणि चाक सुटलं, तर तेलच आत कोंडलंय. चारही चाकं धरत असतील तर पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यात मोकळी चाल आहे का बघा. तिथे थोडी तरी ढिलाई हवीच. ती नसेल तर मास्टरमधलं तेल परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, तेल गरम होऊन फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातात. कोणीतरी ‘पेडल टाइट करून दिलं’ असेल तर बहुधा हेच.

एकच चाक धरत असेल तर त्याचा रबरी होज, म्हणजे चाकाकडे जाणारी लवचीक नळी, बदला. बाहेरून नवाकोरा दिसतो, आतून सुजलेला असतो. पायाच्या जोराने तेल आत जातं, स्प्रिंगच्या जोराने बाहेर येत नाही. याने माझा एक अख्खा रविवार खाल्ला होता.

कोणतं ब्रेक ऑईल घालू?

बाजारात सहज मिळणारं डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं, आणि रबर किट (वॉशर वगैरे रबरी भागांचा संच) त्याला चालणारं. हे तेल हवेतलं पाणी पितं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर घटाघटा. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पाणी प्यायल्यावर तो १५५ च्या आसपास येतो. शिवाय ते पाणी सिलिंडर आतून गंजवतं. म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी सगळं तेल बदला.

सिलिकॉनचं डॉट ५ पाणी पीत नाही, रंगही खात नाही. शेडमध्येच जास्त उभ्या राहणाऱ्या गाडीला ते बरं. मात्र जुन्या तेलात मिसळायचं नाही. सगळी व्यवस्था धुऊन, नवे रबर घालूनच.

इंजिन ऑईल, पॉवर स्टिअरिंगचं तेल, काहीही खनिज तेल चुकूनही नको. एकदा साताऱ्याहून येताना रस्त्यातल्या एका गॅरेजमध्ये पोराने ‘तेल कमी होतं, भरून टाकलं’ म्हणून सांगितलं. काय भरलं ते विचारायचं मला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी जागची हलेना. उघडलं तर सगळे वॉशर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगलेले. मास्टर, चारही चाकं, होज, सगळं रबर टाकून द्यावं लागलं.

साधं ब्रेक ऑईल रंग उचलतं हेही ध्यानात ठेवा. मडगार्डवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, पुसत बसू नका.

घाट उतरताना काय करायचं?

हजार-अकराशे किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला सुमारे ५०० मीटर खाली येते. तेवढ्यात जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात १८ लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. हे सगळं तुम्ही चार छोट्या ड्रमांत जिरवायला निघालात तर काय होणार?

म्हणून इंजिनला काम करू द्या. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. मॉडेल एसारख्या सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद जुळवणारी रचना) नसलेल्या गाडीत हा गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाका. मधेच टाकायला गेलात आणि पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि हात स्टिअरिंगवर घामेजलेला. जुन्या रस्त्याने जात असाल तर शिंग्रोबाला नाणं वाहायला थांबतोच आपण, तेव्हा चाकांजवळ हात नेऊन बघा. एकच ड्रम इतरांपेक्षा गरम असेल तर तो शू घासतोय.

गरम झाल्यावर दोन्ही प्रकार वेगवेगळे वागतात. ड्रम पसरला की शूला जास्त अंतर जावं लागतं. ऑईलच्या गाडीत भराभर दोन-तीनदा पंप मारलं की पेडल वर येतं. रॉडच्या गाडीत पंप मारून काही होत नाही. पेडलची चाल संपली की संपली. उलट, ऑईलच्या गाडीत तेल जुनं असेल तर ते उकळून वाफ होते आणि पेडल एकाएकी फळीला टेकतं. रॉडला उकळायला काही नाही. दोन्हींवर औषध एकच, बाजूला थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका, बिडाला तडा जातो.

पावसात चाकं भिजली तर?

पाण्यातून बाहेर आल्यावर हळू वेगात पेडलवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चालवा. लायनर वाळतात.

मेकॅनिकल काढून हायड्रॉलिक बसवून घेऊ का?

रोज वापरायची गाडी असती तर मी वाद घातला नसता. पण विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज वापरण्याची मुभाच नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची व्हीए मालिकेत विंटेज म्हणून नोंदणी होते. तिला रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतंच रस्त्यावर आणता येतं. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. ब्रेकसाठी चासीला नवी भोकं पाडणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर आधी पिना, बुश, ड्रम आणि लायनर यांच्यावर खर्च करा आणि मग ठरवा. तितकं केल्यावर बदलायची गरज मला अजून कुठल्या गाडीत वाटलेली नाही. बदललंच तर मूळ रॉड, तरफा, पिना डब्यात भरून, चिठ्ठ्या लावून जपून ठेवा. पुढचा मालक शोधत येतो.

जुने लायनर काढताना धूळ उडते. काही धोका?

आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. कंप्रेसरची हवा मारून ड्रम साफ करू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, चांगला मास्क लावा. नवे लायनर घेताना ॲस्बेस्टॉस नसलेलेच मागा, आणि ते फार कडक नाहीत ना हेही विचारा. आधुनिक कडक लायनर थंड असताना जुन्या ड्रमवर नुसते घसरतात.

हँडब्रेक नावालाच आहे, चालेल?

एकच सर्किट असलेल्या ऑईलच्या गाडीत तर मुळीच नाही. तिथे हँडब्रेक केबलने किंवा रॉडने लागतो, तेलाशी त्याचा संबंध नाही. नळी फुटली तर तोच तुमचा दुसरा ब्रेक. मोकळ्या जागेत ताशी २० किमीवर फक्त हँडब्रेकने गाडी थांबवून बघा, म्हणजे कुठे उभे आहात ते कळेल.

रॅलीच्या आदल्या दिवशी किमान काय बघू?

रॉडची गाडी असेल तर खाली जाऊन प्रत्येक पिनेत स्प्लिट पिन आहे का ते बोटाने चाचपा, नुसतं बघू नका. ग्रीसच्या थराखाली रिकामं भोकही भरलेलं दिसतं. ऑईलची असेल तर पेडलवर पूर्ण जोर देऊन एक मिनिट धरून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी टॉर्च घेऊन चारही चाकांच्या आतल्या बाजू बघायला सांगा. ओल दिसली तर दुसऱ्या दिवशी टॅक्सीने जा आणि इतरांच्या गाड्या बघा.